लोअर आर्मचे बुश वर्षभरही टिकत नाहीत? बोल्ट कसला तेव्हा गाडी कुठे होती ते आठवा

तर झालं असं की माझ्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाकडून ठक् असा आवाज यायला लागला, स्पीडब्रेकरवरून उतरताना एकदा आणि ब्रेक दाबून थांबताना एकदा, जणू खाली बसून कोणीतरी हातोडीने एकच टोला मारतंय. गाडी साधी, छोटी हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि खाली एल आकाराचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत असतं तेच. पहिल्यांदा गॅरेजमधे दाखवलं, आर्मचा पुढचा बुश फाटलाय म्हणाले, आर्म बदलला, आवाज बंद. सात महिन्यांनी तोच आवाज, तीच बाजू. मी म्हटलं पार्ट हलका असणार, म्हणून या वेळी चांगल्या कंपनीचे दोन्ही बाजूंचे आर्म आणून घरीच बसवले, अख्खा रविवार गेला, बोटांची सालं निघाली, पण आवाज बंद झाला आणि मी खूश. नऊ महिन्यांनी डावीकडून परत ठक्.

आता दोन वेगळ्या कंपन्यांचे पार्ट, दोन वेगळ्या माणसांचे हात आणि फाटायची जागा मात्र तीच, तेव्हा कुठे ट्यूब पेटली की बसवतानाच आम्ही दोघं तीच चूक करत असणार. काढलेला आर्म फरशीवर ठेवला आणि टॉर्च मारून नीट बघितला. बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी कडं, आत एक लोखंडी नळी आणि मधे रबर, आणि ते रबर नुसतं कोंबलेलं नसतं, लोखंडाला पक्कं चिकटवलेलं असतं. माझ्या बुशचं रबर आतल्या नळीपासून दोन ठिकाणी सुटलं होतं, चंद्रकोरीसारख्या दोन चिरा, दोन्ही एकाच दिशेने ओढल्यासारख्या, आणि उरलेल्या रबरावर ओला पंचा पिळल्यावर पडतात तशा तिरक्या सुरकुत्या. खड्ड्यात आदळून गेलेलं रबर असं दिसत नाही, ते एका बाजूने चेपलेलं असतं. हे सरळसरळ पिळून फाटलेलं होतं.

मग उजवीकडचा आर्म बघितला, तो त्याच रविवारी बसवलेला पण अजून शाबूत होता. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी, मी चाकामागून हात घालून बुशच्या आतल्या नळीच्या कडेवर आणि शेजारच्या ब्रॅकेटवर मिळून व्हाइटनरने एक सरळ रेघ मारली आणि बोल्ट ढिला केला, काढला नाही, नुसता ढिला. कट्टकन आवाज झाला आणि रेघेचे दोन तुकडे झाले, एक तुकडा दुसऱ्यापासून तीन मिलिमीटर सरकलेला. म्हणजे ती नळी नऊ महिने पिळलेल्या अवस्थेत आवळून धरलेली होती आणि बोल्ट सैल होताच सुटली.

चूक एवढीच की आम्ही दोघांनीही बोल्ट शेवटचा कसला तो गाडी जॅकवर आणि चाक हवेत लोंबकळत असताना.

यात एवढं काय, असं मलाही वाटलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या डोक्यात असं असतं की तो बोल्ट म्हणजे बिजागरीची दांडी आणि आर्म त्याच्याभोवती फिरतो. तसं नाहीये. बोल्ट कसला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन पात्यांमधे आवळली जाते आणि मग ती हलत नाही, आर्म वरखाली होतो तेव्हा पिळलं जातं ते रबर. म्हणजे ज्या पोझिशनला तुम्ही बोल्ट कसला ती त्या रबराची आरामाची पोझिशन झाली, तिथून जितकं लांब जाल तितका पीळ. माझ्या गाडीत चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर गाडी जमिनीवर असताना ३७ सेंटीमीटर आहे आणि चाक लोंबकळत असताना ४६. फरक ९ सेंटीमीटर. बोल्टपासून बॉल जॉइंटपर्यंत (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) आर्म साधारण ३५ सेंटीमीटर लांब, म्हणजे हिशोब केला तर आर्म जवळपास १५ अंश फिरतो. हवेत कसलेला बोल्ट असेल तर गाडी खाली उतरवल्या क्षणी रबर १५ अंश पिळलं गेलं, रात्रभर नुसती उभी असली तरी पिळलेलंच, आणि खड्ड्यात चाक अजून ६-७ सेंटीमीटर वर दाबलं गेलं की वर आणखी १०-११ अंश, एकूण पंचविसाच्या पुढे. तोच बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना कसला असता तर उभी असताना पीळ शून्य, आणि खड्ड्यात फार तर १०-११. आता यातलं कुठलं रबर जास्त टिकणार ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

हे सगळं लागू होतं ते आडव्या बोल्टच्या बुशला. एल आकाराच्या काही आर्मचा मागचा बुश उभ्या बोल्टवर असतो, तिथे हा पीळ फारसा येत नाही, पण तोही गाडी खाली असतानाच कसा, जास्तीचं काही काम नाहीये. मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यातला बुश, मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या बीमचे दोन मोठे बुश, सगळ्यांचं हेच. पॉलियुरेथेनच्या बुशची गोष्ट वेगळी, तो चिकटवलेला नसतो, नळीवर खरोखर फिरतो, त्यामुळे त्याला ही भानगड नाही, पण त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि नाही लावलं की तो कुईकुई करून जीव खातो.

पण थांबा, तुमचा आवाज बुशचाच आहे हे आधी पक्कं करा. पुढून आवाज आला की शॉकअप गेले असं सांगायची पद्धतच पडलीय, आणि मी स्वतः अशी माणसं बघितलीयत ज्यांनी दोन्ही शॉकअप बदलले आणि आवाज होता लिंक रॉडचा. सगळ्यात आधी डिकी रिकामी करा. हसू नका, स्टेपनीखाली सैल पडलेला जॅक अगदी सस्पेन्शनसारखाच वाजतो. मग खराब रस्त्यावर हळू जाताना ब्रेकवर पाय हलकासा टेकवा, आवाज गायब झाला तर ब्रेक पॅड किंवा ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना बघा, सस्पेन्शनला हात लावायची गरज नाही.

बारीक बारीक खाचखळग्यांवरून जाताना टकटकटक असा हलका, सतत आवाज असेल, विशेषतः एकच चाक वरखाली होतं तेव्हा, आणि सरळ आडव्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम गेली की आवाज नसेल, तर बहुतेक वेळा लिंक रॉड, म्हणजे अँटी रोल बारला (वळणावर गाडी कलू न देणारी आडवी दांडी) स्ट्रटशी जोडणारा तो बारका दांडा. हा तपासताना लोक एक चुकीची गोष्ट करतात, एकच चाक जॅकवर उचलतात आणि लिंक हलवून बघतात. एक चाक लोंबकळतंय आणि दुसरं जमिनीवर असं झालं की बार पिळला जातो, लिंकवर ताण येतो आणि झिजलेला जॉइंटसुद्धा ताठ वाटतो. दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत, दोन्ही जमिनीवर किंवा दोन्ही हवेत, मग लिंक मुठीत धरून हिसका द्या, झिजली असेल तर हाताला टक् लागतं. लिंक बदलूनही टकटक राहिली तर बारला सबफ्रेमवर (इंजिनाखालची लोखंडी चौकट) धरून ठेवणारे डी आकाराचे बुश बघा.

गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की स्प्रिंगमधून टंग्ग किंवा करकर आवाज येतो का बघा. कोणालातरी स्टीअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून स्प्रिंगवर तळहात ठेवा (बोटं वेटोळ्यांच्या मधे घालायची नाहीत). स्प्रिंग सलग फिरायच्या ऐवजी अडकून अडकून झटक्याने फिरत असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलंय. शॉकअपवर तेलाचा पुसट ओलसर थर आणि त्यावर धूळ असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ओघळ दिसला तर मात्र तो संपलाय. बोनेट दाबून गाडी किती वेळा उसळते बघायची टेस्ट फक्त पार मेलेल्या शॉकअपला पकडते, अर्धमेला त्यात पास होतो.

बॉल जॉइंटला मात्र चालढकल नको. तो पार झिजून निसटला तर चाक आडवं पडतं, आणि ते कधी पडेल हे तो विचारून करत नाही. गाडी जॅकस्टँडवर, चाक हवेत, चाक वरून आणि खालून धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, आतबाहेर हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर बॉल जॉइंट, आणि खात्रीसाठी आर्म आणि नकलच्या (चाकाचं बेअरिंग धरणारा लोखंडी तुकडा) मधे छोटी पहार घालून हलवताना त्या जॉइंटकडेच बघा. ३ आणि ९ ला धरून खेळ असेल तर टाय रॉड एन्ड किंवा त्याच्या आतला रॅक एन्ड, म्हणजे स्टीअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचे सांधे.

आणि आर्मच्या बुशची खूण म्हणजे ब्रेक मारताना ठक्, रिव्हर्समधून पुढे निघताना परत ठक्, कारण ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं आणि फाटक्या बुशमधे नळी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळते. मी मोबाईल व्हिडिओ चालू करून जमिनीवर चाकांच्या वाटेच्या बाहेर टेकवून ठेवला, आर्म फ्रेममधे दिसेल असा, आणि गाडी फूटभर पुढे, ब्रेक, फूटभर मागे, ब्रेक अशी केली. व्हिडिओत आर्मची पुढची बाजू प्रत्येक ब्रेकला सरकताना स्वच्छ दिसली. स्वतः डोकं घालून बघायला जाऊ नका, चालती गाडी आहे ती. रबराच्या पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या म्हणून लगेच बदलायची घाई नको, नख जाईल अशी चीर किंवा लोखंडापासून सुटलेलं रबर दिसलं की बदला.

आता काम. जागा सपाट आणि टणक हवी, मातीवर किंवा उतारावर हे करायचं नाही. मागच्या चाकांना पुढून मागून ठोकळे, हँडब्रेक, गिअरमधे गाडी. जॅक फक्त उचलायला असतो, गाडी पेलायला जॅकस्टँड, आणि काढलेलं चाक आडवं करून बाजूच्या पट्टीखाली सरकवून ठेवा, सगळं फसलं तरी गाडी चाकावर पडेल, तुमच्यावर नाही. गाडीबरोबर आलेल्या त्या कात्री जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्या माणसाला माझ्याकडे शब्द नाहीत.

चाकं काढायच्या आधी, गाडी जमिनीवर असतानाच, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून कागदावर लिहून ठेवा. पुढे लागणार आहे. टायरच्या तळापासून मोजू नका, हवा कमी जास्त असते, चाकाचा मध्यच धरा. आणि आदल्या रात्री सगळ्या नटबोल्टांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, सकाळी परत एकदा. स्प्रे मारायच्या आधी तारेच्या ब्रशने आट्यांवरची माती काढा, नाहीतर नट त्याच मातीत घासत बाहेर येतो आणि मधेच जाम होतो.

लिंक रॉडचा नट सोडवताना आतली पिन नटाबरोबर गोल गोल फिरत बसते, तेव्हा पिनच्या टोकाला खाच असते त्यात अ‍ॅलन की घाला किंवा मागे चपटी जागा असेल तर तिथे पातळ पाना धरा आणि नट रिंग पान्याने सोडा. ती खाच गंजाने भरलेली असते, सुईने कोरून साफ करा आणि की पूर्ण आत बसल्याशिवाय जोर लावू नका, एकदा ती खाच गोल झाली की नट कापण्यावाचून गत्यंतर नाही. माझी गोल झाली. हॅकसॉ ब्लेडने चाळीस मिनिटं कापत बसलो होतो, फडक्याने धरून नुसतं ब्लेड, कारण फ्रेम आत जातच नव्हती.

बॉल जॉइंट दोन प्रकारे बसवलेला असतो. काही गाड्यांत त्याची दांडी नकलच्या चिरेत घालून आडव्या बोल्टने आवळलेली असते. या दांडीला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, त्यामुळे बोल्ट नुसता ढिला करून कितीही हाणलं तरी दांडी निघणार नाही, बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. मी पहिल्या दिवशी अर्धा तास हाणत बसलो होतो. मग त्या चिरेत जाडसर स्क्रूड्रायव्हर किंवा छन्नी घालून ती अगदी किंचित उघडा आणि आर्म पहारीने खाली दाबा. दुसऱ्या प्रकारात निमुळती दांडी आणि खाचांचा नट असतो, तिथे नट अर्धा सोडून ठेवा आणि पुलर लावा, किंवा नकलच्या ज्या डोळ्यात दांडी अडकलीय त्याच्या बाजूवर हातोड्याचे दोनतीन जोरदार टोले द्या, डोळा क्षणभर आकार बदलतो आणि दांडी सुटते. दांडीच्या टोकावर मारू नका, आट्यांचं वाटोळं होतं. बसवताना नटाच्या खाचा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा अजून कसून पुढची खाच जुळवायची, मागे कधीच घ्यायचा नाही.

आर्म सुटल्यावर नकल मोकळं होतं आणि बाहेर झुकतं, तेव्हा ते बाहेर ओढू नका, ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट निसटतो आणि मग रविवार पुढच्या रविवारपर्यंत लांबतो. तारेने किंवा दोरीने नकल आतल्या बाजूला बांधून ठेवा. कॅलिपर सोडवला असेल तर तोही बांधा, ब्रेकच्या नळीवर लटकवू नका. एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वायर क्लिपमधून आधीच सोडवून ठेवा, ती ताणली की तुटते आणि डॅशबोर्डवर दिवा.

अख्खा आर्म मिळत असेल तर अख्खाच घ्या असं माझं मत, बुश वेगळे दाबून काढायला प्रेस लागतो आणि घरी ते काम खूप वेळखाऊ आहे. तरी करायचंच असेल तर जाड आट्यांची दांडी, दोन मोठे वॉशर आणि योग्य मापाच्या गोट्या (सॉकेट) वापरून बुश ओढून काढता येतो. जुना काढायच्या आधी त्याची दिशा आर्मवर रंगाने खूण करून ठेवा, कारण बऱ्याच बुशमधे मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात, त्या एका ठराविक दिशेलाच हव्यात, कुठेही नाही. नवीन दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर द्यायचा, रबरावर किंवा आतल्या नळीवर दिला तर बसवायच्या आधीच बुश फाटला. आत सरकायला साबणाचं पाणी लावा, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं.

स्ट्रटसुद्धा काढणार असाल तर दोनच गोष्टी सांगतो. स्ट्रट आणि नकलच्या बोल्टांभोवती रंगाने खूण करा म्हणजे बसवताना चाकाचा तिरपेपणा जवळपास जागेवर येईल. आणि स्प्रिंग दाबलेली नसताना स्ट्रटच्या डोक्यावरचा मधला नट सोडायचा नाही, कधीच नाही, बोनेट उघडल्यावर तो समोरच दिसतो आणि मोह होतो. बाजूचे नट वेगळे, मधला वेगळा. त्या स्प्रिंगमधे तुमच्या गाडीचा एक कोपरा उचलून धरणारा जोर साठलेला असतो, ती सुटली तर तोंड फोडते आणि हे अतिशयोक्ती करून सांगत नाहीये. मी स्वतः स्प्रिंग कंप्रेसर वापरलेला आहे, समोरासमोर दोन लावून, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळत, हातानेच, इम्पॅक्ट गन न लावता, आणि तरीही पुढच्या वेळी ते काम नीट बसवलेल्या कंप्रेसरवाल्याकडून करून घेईन, स्ट्रट काढणं घालणं तेवढं मी. शॉकअप बदललेत तर डावा उजवा जोडीनेच, आणि नवीन शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून चारपाच वेळा पूर्ण दाबून ओढून घ्या, आडवा पडून राहिल्यामुळे आत हवा गेलेली असते.

आता मुद्द्याची गोष्ट, कसणं. नवीन आर्म जागेवर घातला की बॉल जॉइंटचा बोल्ट तिथेच पूर्ण कसून टाका, त्यात रबर पिळायचं काही नाही. बुशचे दोन बोल्ट मात्र फक्त इतके कसा की आर्म हातांनी वरखाली करता येतो पण बोल्ट डुगडुगत नाही. मग इथून गाडी तिच्या वजनावर आणायची आहे, आणि इथेच बहुतेक जण जो उपाय सांगतात तो मला पटत नाही, तो म्हणजे बॉल जॉइंटखाली जॅक लावून आर्म मोजलेल्या उंचीपर्यंत वर उचलायचा आणि कसायचं. करून बघा, स्प्रिंग पुरेशी दाबली जायला त्या कोपऱ्याचं सगळं वजन जॅकवर यावं लागतं, आणि अँटी रोल बार जोडलेला असेल तर त्याहूनही जास्त, म्हणजे ३७ सेंटीमीटर यायच्या आतच गाडी जॅकस्टँडवरून उचलली जायला लागते. माझी उचलली गेली. मी खाली झोपलेलो होतो. जॅकस्टँड आणि गाडीच्या मधून उजेडाची एक बारीक रेघ दिसली आणि मी जो काही बाहेर सरपटलो, तसं त्यानंतर केलेलं नाही.

त्यापेक्षा चाक परत बसवा, दोन्ही पुढची चाकं रॅम्पवर किंवा रुंद, सपाट, न हलणाऱ्या लाकडी फळ्यांच्या थरावर उतरवा, म्हणजे गाडी वजनावरही आली आणि खाली हात घालायला जागाही मिळाली. उतरवल्यावर बोनेट चारपाच वेळा जोरात दाबा. जॅकवरून उतरलेली गाडी लगेच खऱ्या उंचीवर बसत नाही, टायर आतल्या बाजूला घासून अडकलेले असतात आणि गाडी दोनतीन सेंटीमीटर वरच राहते. जमिनीवर असेल तर हाताने फूटभर पुढेमागे ढकला, फळ्यांवर असेल तर प्रत्येक टायरखाली जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या ग्रीस लावून एकावर एक ठेवा, टायर आपोआप बाहेर घसरतं. मग परत मोजा, कागदावरच्या आकड्याशी जुळलं की ठोकळे तपासा, जॅकस्टँड थोडी फट ठेवून आधाराला परत लावा आणि मग बुशचे बोल्ट कसा.

किती कसायचं ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधे असतं, दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नका. टॉर्क रेंचनेच कसा, अंदाजाने नको. काही गाड्यांत आधी ठराविक न्यूटन मीटर आणि मग ठराविक अंश अजून फिरवायचं असं लिहिलेलं असतं, असे बोल्ट कसताना थोडे ताणले जातात त्यामुळे ते पुन्हा वापरायचे नाहीत, नवीन घ्यायचे. नायलॉनची चकती असलेले नटही नवीनच. आणि बोल्टचं डोकं फिरवायचं की नट, हेही बघा, शक्यतो नट फिरवा आणि डोकं धरून ठेवा.

कसून झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत परत ती व्हाइटनरची रेघ. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर वाकून बघायचं, रेघ सलग असेल तर बोल्ट जागेवर, तुटली असेल तर ढिला होतोय, पाना न लावता कळतं. चाकांचे नट मात्र त्या वेळी पान्यानेच परत तपासा, आडव्यातिडव्या क्रमाने. व्हील अलाइनमेंट करून घ्या, आर्म बदलला की टो (वरून बघितल्यावर चाकं आतबाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतोच, स्टीअरिंग सरळ वाटलं तरी. अलाइनमेंट बुश कसण्याच्या नंतर, आधी नाही.

हे सगळं करूनही ठक् राहिलंच तर सबफ्रेमचे बोल्ट बघा, आणि स्प्रिंग काढली होती तर तिचं खालचं टोक स्ट्रटवरच्या स्प्रिंगच्या बैठकीतल्या पायरीला टेकलंय का बघा, बोटभर लांब राहिलं तरी प्रत्येक वळणावर टंग्ग वाजतं.

उजवीकडच्या त्या शाबूत बुशला मी बदललं नाही, नुसता बोल्ट ढिला करून गाडी वजनावर असताना परत कसला. डावीकडे नवा आर्म. या गोष्टीला आता दोन वर्षं होऊन गेली, दोन्ही रेघा अजून सलग आहेत, जरा पिवळ्या पडल्यात. मागच्या महिन्यापासून एक कुरकुर येतेय खरी, पण ती मागून आहे, आणि मागच्या शॉकअपचे खालचे बोल्टसुद्धा मी दोन्ही आर्म बसवले त्या पहिल्या रविवारीच, चाकं हवेत असतानाच कसले होते.